जुन्या मापाची जर्सी

मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी संघ सातवा आला त्याला तीन आठवडे होत आले होते, तरी पिराजी शिंप्याच्या दुकानातलं सुतक काही फिटलं नव्हतं. शिवाजी पेठेतल्या त्या चिंचोळ्या खोलीत रोज सकाळी मशीनच्या आधी पिराजीचं तोंड सुरू व्हायचं. एक पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे तो स्वतः कधी मैदानात उतरला नव्हता. पण गेली पंचवीस वर्षं तालमीच्या हॉकी संघाच्या जर्स्या त्याच्याच हातच्या, आणि तेवढ्या काळात चुकलेला एकही सामना त्याला आठवत नव्हता.

"अकरा कोन, हे साळंतलं पोर बी सांगंल," त्या सोमवारी तो कात्रीनं हवेत रेघ मारत म्हणाला. "निवडनारा वळखायचा तो बाकावर कोन बसवलाय त्याच्यावरनं. बाकावरच्या पोराला वरीसभर खेळवलं न्हाय, तर ते पोर मेलं म्हना. खातंय, हिंडतंय, हसतंय बी. पर खेळाडू म्हनून मेलं."

"खरं हाय मामा," बाळासो म्हणाला. हा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि एके काळी तालमीचा गोलकीपर होता. त्याच्या शेजारी सिकंदर बसला होता. त्याचं समोरच सायकलचं दुकान, आणि तो संघाचा आताचा फुलबॅक. दोघांचा चहा पिराजीच्या दुकानातच व्हायचा, कारण चहाबरोबर भाषण फुकट मिळायचं.

आणि भाषण पोकळ नव्हतं, हे कबूल करायला हवं. पिराजीकडे मापाची एक जाडजूड वही होती. तालमीच्या प्रत्येक पोराचं एक पान. दर हंगामाला खांदा, छाती, दंड, मनगट. कुठलं पोर वाढतंय, कुठलं खुंटलंय, हे पिराजी टेप लावून सांगायचा. दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या एका हमालाच्या पोराचा दंड वर्षभरात तसूभर वाढला नाही, तेव्हा यानं तालमीच्या पंचांना वही नेऊन दाखवली होती. "ह्या पोराच्या घरात दूध न्हाय. तुमी खेळ मागताय कुठनं?" दुसऱ्या दिवसापासून तालमीनं त्या पोराला रोज अर्धा लिटर दूध चालू केलं. पुढच्या वर्षी तो पोरगा जिल्ह्याच्या संघात गेला. ही गोष्ट पिराजी आल्या-गेल्याला सांगायचा, आणि का सांगू नये?

दुकानाच्या मागच्या अंगाला एक फुलाफुलांचा पडदा होता. त्या पडद्यामागे पिराजीची एकुलती एक लेक शालन काज-बटण करत बसायची. गिऱ्हाईक बाई लग्नाचं कापड घेऊन आली, तर शालननं ते हातात घ्यायचं नाही, असा दंडक होता. ती विधवा होती. वय वर्षं वीस.

शालन सहा वर्षांची असताना तिची आई गेली. पिराजीची थोरली बहीण धोंडुबाई हिनं तिला वाढवलं. आणि हॉकी शिकवली बापानं. घराशेजारच्या बोळात आखूड पाय टेकून तो उभा राहायचा आणि ओरडायचा, "उलटी काठी. उलटी मार. उजवीकडनं मारनारं पायलीला पन्नास मिळत्यात, लेफ्ट आऊट झाडाला लागत न्हाय." शालन लेफ्ट आऊट झाली, डाव्या कडेनं चढाई करणारी. शाळेच्या संघात, मग जिल्ह्याच्या संघात. दर दसऱ्याला तिचंही माप वहीत चढायचं. सतरा संपून अठरावं लागलं तसं पेठ वडगावचं स्थळ आलं, कापडदुकानवाल्यांचं. आठ महिन्यांत नवरा काविळीनं गेला. तेराव्यानंतर सासऱ्यानं तिला एस.टी.नं आणून दुकानाच्या पायरीवर सोडलं. वर येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही. पायगुण, म्हणाला.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

धोंडुबाई दुष्ट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती स्वतः अकराव्या वर्षी विधवा झालेली. तेव्हापासून दिवसातून एकच जेवण, तेही दुपारचं. शनिवार, एकादशी निरंकार. सत्तरी आली तरी तिनं एक उपास मोडला नव्हता. ज्या दिवशी शालन परत आली त्या दिवशी म्हातारीनं तिला पोटाशी धरलं, खूप रडली, आणि संध्याकाळी चुलीपुढं बसवून सांगितलं, "आता आपलं दोघींचं ताट एकच बाई." आपल्याजवळ जे होतं ते तिनं भाचीला दिलं. तिच्याजवळ दुसरं काय होतं?

आणि पिराजी? तो सकाळी न्याहारी करून दुकानात बसायचा, दुपारचं ताट दुकानात यायचं, दिवेलागणीला तो चुलीपुढं एकटा जेवून उठायचा. पोरीनं खाल्लं का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. बायका मागनं जेवतात, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक.

त्या सोमवारी बाळासो आणि सिकंदर बसलेले असतानाच जुलेखाबाई आल्या. त्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवत आणि जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचं सगळं त्याच बघत. त्यांनी निळ्या कापडाचा गठ्ठा आणि एक कागद पिराजीपुढे ठेवला.

"सोळा जर्स्या, मामा. शनिवारपर्यंत. रविवारी सकाळी आमचा आपसातला सामना हाय, त्यावरनं शेवटचा संघ काढून पुण्याला राज्याच्या सामन्यांना जायाचं."

पिराजीनं कागद वाचला. पंधरा नावांपुढे मापं होती. सोळाव्या ओळीत नुसतं 'लेफ्ट आऊट' लिहिलेलं आणि पुढे कोरं.

"ह्याचं नाव?"

"ते तुम्हीच सांगायचं," जुलेखाबाई म्हणाल्या. "संघ एकवीस वर्षांच्या आतला हाय. शालन दिवाळीला एकवीस पुरी करती. म्हणजे ही शेवटची खेप. पुण्याला रेल्वेची माणसं येतात, चांगल्या पोरी हेरून नोकरी देतात. मागच्या वर्षी आजऱ्याची एक पोरगी लागली. शालनसारखा डावा हात माझ्याकडं पुन्हा आला न्हाय, मामा. तिला पाठवा."

पिराजी काही बोलायच्या आत मधल्या दारातून धोंडुबाई आली. "काय बोलताय बाई? कपाळ पुसलेली पोर. गुडघ्यावर झगा घालून मानसांपुढं पळायची?"

"लोक शेण घालतील तोंडात," पिराजी पुटपुटला. मघाशी हवेत फिरणारी कात्री आता त्याच्या मांडीवर पडली होती.

तेव्हा पडदा सरकला. दोन वर्षांत पहिल्यांदा शालन परक्या माणसांसमोर दुकानात आली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"आबा, मला एकदा ग्राउंडवर सोडा," ती म्हणाली. "एकदा. न्हाय जमलं तर मी परत पडद्यामागं बसतो, पुन्यांदा त्वांड उघडणार न्हाय. पर हितं बसून मी मरालोय, आबा. रोज मरालोय."

पिराजीनं मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिला. शालन आत गेली. जुलेखाबाईंनी कापड परत घेतलं नाही. "कापड सोळांचं हाय," एवढंच म्हणाल्या.

मंगळवार गेला, बुधवार गेला. पंधरा जर्स्या कापून झाल्या. उरलेला निळा तुकडा पिराजीनं घडी घालून टेबलाखाली सारला. पण तोंडाला खळ पडेना. गुरुवारी तालमीच्या संघावरून विषय निघाला. पंचांनी एका चांगल्या पोराला हंगामभर नुसतं बसवून ठेवलं होतं.

"ह्यो खून हाय, खून," पिराजी म्हणाला. "पोराच्यात खेळ असताना त्याला बसवायचं, म्हंजे ज्याला भूक हाय त्याच्या म्होरनं ताट उचलल्यागत. मी अध्यक्ष असतो तर..."

"मामा, राग मानू नगा," सिकंदर कपातल्या चहाकडे बघत म्हणाला. "पेठंतलं सगळ्यात भारी लेफ्ट आऊट तुमच्या पडद्यामागं काजं करतंय. ते बाकावर कुनी बसवलंय?"

पिराजीच्या पायाखालचं मशीन थांबलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यानं दुसऱ्यांवर शंभरदा फेकली होती. आज कुणी ती उच्चारलीही नाही, तरी ती लागली. बाळासोनं सिकंदरला कोपरानं ढोसलं आणि दोघे उठून गेले.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पिराजी आत गेला आणि बहिणीपुढे बसला. बोलणं बराच वेळ चाललं. धोंडुबाई रडली, भिंतीवर डोकं आपटीन म्हणाली, वडगावच्या लोकांना काय तोंड दाखवशील म्हणाली. पिराजी हटला नाही. शेवटी म्हातारी थकली.

"जाऊ दे तिला. पर शनिवार मोडायचा न्हाय. श्रावणातला शेवटचा शनिवार हाय. पानी सुदीक न्हाय. एवढं तरी ठेव माझं."

"ठेवतो आक्का," पिराजी म्हणाला. त्याला हायसं वाटलं. एवढ्यावर भागलं, एका उपासानं काय होतंय, असं त्याला वाटलं. पंचवीस वर्षं पोरांच्या दंडावर टेप लावणाऱ्या या माणसाला आदल्या दिवशीच्या उपासाचा हिशेब कळला नाही. दुसऱ्याच्या पोराचा असता तर चटकन कळला असता.

मग त्यानं निळा तुकडा टेबलाखालून काढला. "आबा, माप घ्या की," शालन पडद्याशी येऊन म्हणाली. तिच्या डोळ्यांत दोन वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं.

"तुझं माप काय घ्यायचं? त्वांडपाठ हाय मला," तो हसून म्हणाला, आणि वहीतलं तिचं पान काढलं. दहा ओळी, नऊ दसरे. शेवटची ओळ लग्नाच्या आधी पंधरा दिवसांची. दंड साडेदहा इंच. छाती, खांदा, उंची, सगळं होतं. पिराजीनं त्या ओळीवरून खडूनं रेघा मारल्या, कापड कापलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर अकरा नंबर शिवला. इतकी सरळ शिलाई त्याच्या हातून कधी पडली नव्हती.

रविवारी सकाळी मैदानावर चिखल होता. शालन शाळेच्या व्हरांड्यातल्या खोलीतून जर्सी घालून बाहेर आली आणि बांधावर उभ्या असलेल्या पिराजीनं तिच्याकडे पाहिलं.

जर्सी तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखी लोंबत होती. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बाहीतून हात निघाला होता तो काटकीसारखा. पोरी कुजबुजल्या. शालननं जर्सीचा घोळ मागे ओढून कमरेशी गाठ मारली आणि काठी उचलली. रोज डोळ्यांपुढे वावरणारी लेक पिराजीनं दोन वर्षं लुगड्याच्या पदरातच पाहिली होती. टेप न लावताही त्याला आता माप दिसत होतं.

सामना सुरू झाला. पहिली दहा मिनिटं शालन खेळली, आणि काय खेळली. डाव्या रेषेवरून तिनं दोनदा उलट्या काठीनं चेंडू असा आत घातला, की गोलकीपर जागची हलली नाही. बांधावरून सिकंदर ओरडला. जुलेखाबाई वहीत काही लिहू लागल्या. पिराजीला क्षणभर वाटलं, सगळं परत मिळालं.

मग ती मागे पडू लागली. चेंडू आला की दोन पावलं उशीर. तिसऱ्या धावेला ती कमरेत वाकून उभी राहिली. समोरची पंधरा-सोळा वर्षांची पोरगी तिच्या बाजूनं सहज निघून जाऊ लागली. शालन दात-ओठ खाऊन तिच्यामागे धावायची आणि पोचायची नाही. हे बघणं पिराजीला सहन होईना, आणि नजरही काढवेना. मध्यंतराला पाच मिनिटं उरली असताना ती पळता पळता चिखलात खाली बसली आणि आडवी झाली.

पिराजी लंगडत मैदानात धावला. जुलेखाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"काल काय खाल्लं होतंस?"

"काल शनवार," शालन डोळे मिटूनच म्हणाली.

"आणि परवा?"

"दुपारची एक भाकरी."

"रात्री?"

"रातचं आमी जेवत न्हाय, बाई. मी आनि आत्ती. दोन वरसं झाली."

जुलेखाबाईंनी मान वर करून पिराजीकडे पाहिलं. हमालाच्या पोराच्या दुधाची गोष्ट त्यांनीही ऐकलेली होती.

दुपारी संघ जाहीर झाला. लेफ्ट आऊटच्या जागी यादीतल्याच त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला घेतलं होतं. त्यात कुणाचा अन्याय नव्हता, आणि म्हणूनच ते पिराजीला जास्त लागलं. दाद मागायची तर कुणाकडे? सोमवारी सकाळी पंधरा निळ्या जर्स्या पुण्याला गेल्या. सोळावी धुऊन शालननं घडी घातली, वडिलांच्या टेबलावर ठेवली आणि पडद्यामागे जाऊन काजं करू लागली. दिल्या शब्दाप्रमाणे तिनं तोंड उघडलं नाही.

नेहमीच्या वेळेला बाळासो आणि सिकंदर आले. पिराजी गप्प बसलेला बघून बाळासोला राहवलं नाही.

"मामा, पहिली धा मिंटं बघून तरी तिला ठेवायला पायजे हुती. ह्या निवडीवर तुमी बोलायलाच पायजे."

"निवड बरोबर झाली," पिराजी म्हणाला. "बाईंचा दोष न्हाय. चुकीची निवड दोन वर्सामागं झाली. तवा समिती माझ्याच घरात बसलीती, आनि मी तिचा अध्यक्ष हुतो. मी पोरीला बाकावर बसवलं, आनि वरनं तिचं ताट बी काढून घेतलं. हमालाच्या पोराचा दंड मला दिसला, बाळासो. माझ्या पोरीचा दिसला न्हाय. मी आंधळा हाय, आनि पेठंला डोळं शिकवत बसलोय."

तो उठला, खुर्चीवर चढला आणि पडद्याची दोरी कात्रीनं कापली. पडदा खाली पडला. मागे शालन सुई हातात घेऊन बसलेली सगळ्यांना दिसली. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थबकल्या.

"हिकडं ये," पिराजी म्हणाला. "उजेडात ये. माप घ्यायचं हाय."

त्यानं टेप तिच्या दंडाभोवती फिरवला आणि आकडा मोठ्यानं वाचला, बाळासोला ऐकू जाईल असा, रस्त्यावरच्या बायकांना ऐकू जाईल असा. "दंड आठ." मनगट वाचलं. कंबर वाचली. प्रत्येक आकडा वहीत जुन्या ओळीखाली लिहिला. शेवटचा लिहिताना दौतीतली शाई कमी आणि डोळ्यातलं पाणी जास्त होतं. शालन ताठ उभी होती.

"आबा, आता काय उपेग?" तिनं हळूच विचारलं. "एकवीसच्या आतली खेप तर गेली की."

"जुलेखाबाई म्हनत्यात, थोरल्या बायकांचा संघ असतोय पुढच्या वर्साला. घेतील का न्हाय, मला ठावं न्हाय पोरी. नोकरी तर गेलीच. ते माझ्याच्यानं भरून यायचं न्हाय." त्यानं खोटी आशा दिली नाही. "पर पुढची ओळ ह्याच्यापेक्षा मोठी लिहायची, एवढं माझ्या हातात हाय."

दिवेलागणीला तो चुलीपुढे गेला तेव्हा त्यानं तीन ताटं मांडली. स्वतःच्या हातानं मांडली, आयुष्यात पहिल्यांदा. धोंडुबाई मागे सरकली.

"पोरीला घाल. मला वाढू नगंस. मी जगलो की अशीच, मला काय झालं?"

"तुझं माप कुनी घेतलंच न्हाय, आक्का. साठ वर्सं तुला बी कुनी ग्राउंडवर सोडलं न्हाय. बस. तू जेवल्याबगर मी घास उचलत न्हाय."

म्हातारी बऱ्याच वेळानं बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि तो तसाच गालात धरून राहिली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"गिळंना रं, पिराजी," ती म्हणाली. "रातचं कसं जेवायचं, ते मला येत न्हाय."

शालननं आपलं ताट बाजूला केलं, वाटीत दूध ओतलं, भाकरी कुस्करली आणि आत्याला घास घास भरवू लागली.

पिराजीच्या वहीत आता शालनच्या समोरच्या पानावर धोंडुबाईचं नाव आहे. शालन पहाटे मैदानावर जाते आणि बांधावर बाप उभा असतो. पेठ बोलते. वडगावहून एक खरमरीत पत्रही आलं. पुढच्या वर्षी संघात शालनचं नाव असेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि गेलेली दोन वर्षं तिला कुणी परत देणार नाही. हे वाचून हळहळणाऱ्यांनी हळहळ पेठेत पाठवू नये. ज्यांच्या घरी बायका मागनं जेवतात, त्यांनी आज त्यांच्या जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसावं, आणि ताटात काय आहे ते बघावं.